बिघडत चाललेल्या हार्ड डिस्कवरून कागदपत्रांच्या छायाप्रतींची सोडवणूक

१. प्रयोजन

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुनीं कागदपत्रें मिळविण्याची व राखण्याची रीत पुष्कळच पालटली आहे. पूर्वीं एखाद्या घराण्याच्या दप्तराचा पत्ता लागला म्हणजे संशोधक रुमाल सोडून बसे, महत्त्वाच्या कागदांच्या नकला हातानें उतरून घेई व मूळ कागद मालकाच्या स्वाधीन करी. आतां तोच संशोधक एका दिवसांत शेंकडों बंदांचीं छायाचित्रें घेतो आणि तीं तळहातावर मावणाऱ्या एका पेटींत, म्हणजे बाह्य हार्ड डिस्कवर, सांठवितो. मूळ कागद पुढें वांटण्यांत विखुरतात, रद्दींत जातात, वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडतात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, त्यावरून घरगुती संग्रहांचें आयुष्य किती अनिश्चित असतें हें वाचकांस निराळें सांगावयास नको. मूळ गेलें म्हणजे छायाप्रत हेंच त्या कागदाचें एकमेव साधन उरतें.

अशी छायाप्रत जींत आहे ती डिस्क एके दिवशीं उघडेनाशी झाली, तर तें नुकसान यंत्राचें नसून इतिहासाचें होय. अशा प्रसंगीं काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत केलें आहे. प्रतिपाद्य मुद्दा एकच आहे. मोडकळीस आलेली डिस्क ही जीर्ण पोथीसारखी असते. ती हाताळण्याच्या मोजक्याच संधी उरलेल्या असतात. त्या संधी चाळण्यांत, शोधण्यांत किंवा दुरुस्तींत दवडूं नयेत. सर्व डिस्कची एक समग्र नक्कल उतरून घ्यावी आणि पुढील सारें काम त्या नकलेवर करावें. विवेचन फिरत्या तबकडीच्या डिस्कपुरतेंच आहे. पेनड्राइव्ह व तत्सम तबकडीरहित साधनें यांचा प्रकार निराळा.

२. यंत्राची रचना

हार्ड डिस्कचा जन्म सन १९५६ मधील. त्या वर्षीं आयबीएम या अमेरिकन कंपनीनें जें पहिलें यंत्र पुढें आणिलें, त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून सर्वांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज खिशांत राहील एवढ्या पेटींत २ टेराबाइट, म्हणजे २ लक्ष कोटी बाइट, मजकूर राहतो. एका बंदाची असंकुचित छायाप्रत ५० मेगाबाइटांची धरिली, तर अशा एका पेटींत ४०,००० बंद मावतात. एवढें मोठें दप्तर एका धक्क्यानें नष्ट होऊं शकतें, असें पूर्वीं कधीं नव्हतें.

पेटीच्या आंत ॲल्युमिनियमच्या किंवा कांचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. लहान बाह्य डिस्कमधील तबकडी बहुधा मिनिटास ५,४०० फेरे फिरते. तिच्यावर वाचण्या-लिहिण्याचें शीर्ष एका दांड्याच्या टोंकास बसविलेलें असून तें तबकडीस न शिवतां हवेच्या थरावर कांहीं थोड्या नॅनोमीटर अंतरावरून तरंगतें. मनुष्याच्या केंसाची जाडी सुमारें ७० ते ८० हजार नॅनोमीटर असते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे धुळीचा एक कणही त्या मार्गांत पर्वताएवढा कां ठरतो हें समजेल. शीर्ष तबकडीस घासलें कीं चुंबकीय थर खरवडला जातो. त्या जागेवरील मजकूर मग कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. खरवडलेली शाई रसायनानें पुन्हां दिसूं लागेल. परंतु येथें कागदच झडून गेलेला असतो.

तबकडीवरील मजकूर सेक्टर नांवाच्या सारख्या मापाच्या कप्प्यांत लिहिलेला असतो. जुन्या डिस्कांत हा कप्पा ५१२ बाइटांचा असे. अलीकडील डिस्कांत तो ४,०९६ बाइटांचा असतो. या हिशेबानें २ टेराबाइटांच्या डिस्कवर सुमारें ४८ कोटी ८० लक्ष कप्पे होतात. प्रत्येक कप्प्याबरोबर त्याच्या पडताळ्याचे अंक लिहिलेले असतात व त्यांच्या साह्यानें किरकोळ चुका यंत्र स्वतःच दुरुस्त करून घेतें. चूक मोठी असली म्हणजे यंत्र तोच कप्पा पुन्हां पुन्हां वाचून पाहतें. डिस्क एकाएकीं मंद होते, ती यामुळें. कांहीं कप्पे राखीव असतात व बिघडलेल्या कप्प्यांच्या जागीं ते योजिले जातात.

या घडामोडींची नोंदवही डिस्क स्वतःच ठेवीत असते. तीस ‘स्मार्ट’ असें नांव आहे. तींतील तीन रकाने संग्राहकानें पाहावे. ५ क्रमांकाच्या रकान्यांत बदललेले कप्पे, १९७ मध्यें निर्णय न झालेले संशयित कप्पे व १९८ मध्यें वाचतां न आलेले कप्पे यांची संख्या असते. हे आंकडे वाढूं लागले कीं डिस्कची अखेर जवळ आली असें समजावें. मात्र आंकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहूं नये. कांहीं डिस्का पूर्वसूचना न देतांच बंद पडतात.

३. रोगनिदान

उपायापूर्वीं निदान केलें पाहिजे. बिघाडाचे प्रकार स्थूलमानानें चार आहेत.

पहिला प्रकार बाहेरचा. केबल खराब असणें, यूएसबीचें तोंड सैल होणें, वीज अपुरी मिळणें किंवा पेटींतील जोडणीचें लहान मंडल बिघडणें, हीं याचीं कारणें होत. यांत तबकडी निर्दोष असते. म्हणून प्रथम दुसरी केबल लावावी व डिस्क मधल्या फांट्यास न जोडतां संगणकास थेट जोडावी.

दुसरा प्रकार अनुक्रमणिकेचा. यंत्र नीट चालतें, परंतु फाइली चुकून पुसल्या गेल्या असतात किंवा कोणती फाइल कोठें आहे हें सांगणारा भाग बिघडलेला असतो. पोथीचीं पानें शाबूत असून सूचीचें पान मात्र फाटलें, अशी ही स्थिति होय.

तिसरा प्रकार तबकडीच्या झिजेचा. डिस्क ओळखली जाते, पण एक छायाचित्र उघडण्यास कित्येक मिनिटें लागतात, मधेंच संगणक खिळून राहतो, कांहीं फाइली उघडतात व कांहीं उघडत नाहींत. संग्राहकांच्या वांट्यास हा प्रकार पुष्कळदां येतो व या लेखांतील मुख्य पद्धति यासाठींच आहे.

चौथा प्रकार यंत्रभंगाचा. डिस्क ठराविक अंतरानें खट् खट् असा आवाज करते, खरखरते, किंवा बारीक शिटीसारखा ध्वनि काढून फिरण्याचें नाकारते. वीज अपुरी पडली तरी क्वचित् असाच आवाज येतो. म्हणून केबल बदलून एकदां पाहण्यास हरकत नाहीं. तरीही आवाज कायम राहिला तर वीज तत्काळ तोडावी व पुन्हां जोडूं नये. अशा डिस्कचा प्रत्येक फेरा थोडा थोडा मजकूर खरवडून नेत असण्याचा संभव असतो.

४. वर्ज्य गोष्टी

डिस्क उघडत नाहीं असें दिसतांच विंडोज ही प्रणाली पुष्कळदां ती फॉर्मॅट करावी काय असें विचारते. या प्रश्नास होकार देऊं नये. त्याच प्रणालींत चेक डिस्क नांवाची दुरुस्तीची आज्ञा आहे. तीही चालवूं नये. ही आज्ञा अनुक्रमणिका सुसंगत करण्याच्या हेतूनें डिस्कवर नवीन मजकूर लिहिते व जुळत नसलेल्या नोंदी काढून टाकते. निरोगी डिस्कवर ती उपकारक असेल. मरणोन्मुख डिस्कवर ती, न समजणाऱ्या ओळी गाळून पोथी ‘शुद्ध’ करणाऱ्या लेखकूचें काम करते. सोडविलेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवणें हाही तसाच अपराध होय, कारण नवा मजकूर जुन्याच्या उरावर बसतो.

डिस्क बर्फाच्या कपाटांत ठेवावी, असा एक उपाय लोकांत प्रचलित आहे. थंड पेटी बाहेर काढतांच तिच्यावर व तिच्या आंत दंव धरतें आणि शीर्षाच्या मार्गांत पाणी येतें. म्हणून हा उपाय त्याज्य आहे. पेटीवर टिचक्या मारणें, ती हलवून पाहणें, किंवा घरीं झांकण उघडणें, हींही तशींच त्याज्य. झांकण उघडण्याचें काम धूळ गाळलेल्या स्वच्छ खोलींतच होतें.

दुसऱ्या सारख्या डिस्कवरील विद्युन्मंडलाची पाटी काढून बिघडलेल्या डिस्कवर चढविणें हा उपाय फार जुन्या डिस्कांस लागू पडे. आतां प्रत्येक डिस्कचीं सूक्ष्म मापें कारखान्यांत निराळीं बसविलेलीं असून तीं पाटीवरील स्मृतींत लिहिलेलीं असतात. तीं नव्या पाटींत नेल्यावांचून डिस्क चालत नाहीं. तसेंच कांहीं बाह्य पेट्यांतील जोडणीचें मंडल सर्व मजकूर सांकेतिक लिपींत बदलून तबकडीवर लिहितें. अशा पेटींतून डिस्क काढून थेट जोडली, तर वाचन निर्वेध होऊनही हातीं केवळ सांकेतिक अक्षरें येतात. म्हणून पेटीचा कोणताही भाग टाकून देऊं नये.

५. समग्र नक्कल उतरण्याची पद्धति

फाइली एकेक करून ओढून घेण्याचा मोह अशा वेळीं फार होतो. परंतु तसें केल्यानें शीर्षास अनुक्रमणिका व मजकूर यांच्यामध्यें सारखी धांव घ्यावी लागते आणि एखाद्या वाईट जागेवर अडकून तें तासन्‌तास तीच जागा घांसीत बसतें. म्हणून पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत सरळ नक्कल करावी.

या कामासाठीं ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हें साधन सर्वमान्य आहे. आंतोनियो दियास दियास यांनीं सन २००४ पासून तें सिद्ध केलें असून तें विनामूल्य मिळतें. त्याचें मर्म क्रमांत आहे. पहिल्या फेरींत तें सहज वाचतां येणारा भाग घेतें व अडचणीची जागा लागली कीं ती तेथेंच सोडून पुढें उडी मारतें. नंतर सोडलेल्या जागांच्या कडा दोन्ही बाजूंनीं वाचीत आंत येतें. मग उरलेले कप्पे एकेक करून वाचतें. इतकें झाल्यावर, आपण सांगितलें असेल तरच, हट्टी कप्प्यांवर पुनः पुन्हां यत्न करतें. जीर्ण दप्तर सोडतांना अनुभवी माणूस सुटे कागद आधीं उचलतो व चिकटलेले शेवटीं हाताळतो, तोच हा न्याय. डिस्क मध्येंच मेली, तरी तोंपर्यंत अधिकांत अधिक मजकूर हातीं आलेला असतो.

या साधनाचा दुसरा गुण म्हणजे त्याची नोंदफाइल. कोणता भाग मिळाला, कोणता राहिला, हें तींत सतत लिहिलें जातें. त्यामुळें डिस्क तापल्यास काम थांबवून ती निवल्यावर तेथूनच पुढें चालू करतां येतें. ही नोंदफाइल बिघडलेल्या डिस्कवर कदापि ठेवूं नये.

तयारी अशी असावी. संगणक लिनक्स प्रणालीवर सुरू करावा व जोडलेली डिस्क आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी. कारण डिस्क नुसती उघडल्यानेंही प्रणाली तीवर कांहींबाही लिहूं लागते. नकलेसाठीं घेतलेली डिस्क निरोगी व मुळाएवढी किंवा त्याहून मोठी असावी. मूळ कोणतें व नक्कल कोणती, याची खात्री पेटीवरील अनुक्रमांक व आकारमान पाहून दोनदां करावी. येथें उलटापालट झाली, तर कोरी डिस्क मुळावर उतरते व तोडगा उरत नाहीं. निरोगी डिस्कवर सेकंदास १०० मेगाबाइट या वेगानें २ टेराबाइटांची नक्कल सुमारें साडेपांच तासांत होते. आजारी डिस्कला कित्येक दिवस लागतात. त्यासाठीं धीर धरावा, जवळ पंखा ठेवावा, आणि आवाज बदलला तर लगेच थांबावें.

६. नकलेवरील काम

नक्कल पुरी झाली म्हणजे मूळ डिस्क बाजूस ठेवावी. नकलेचीही आणखी एक नक्कल करून तीवरच प्रयोग करावे. अनुक्रमणिका शाबूत असल्यास ती केवळ वाचनासाठीं उघडून फाइली काढून घ्याव्या. ती बिघडलेली असल्यास क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचें ‘टेस्टडिस्क’ हें साधन विभागांच्या हरवलेल्या सीमा व पुसलेल्या नोंदी शोधून देतें.

अनुक्रमणिका सर्वस्वीं नष्ट झाली असली, तर त्यांचेंच ‘फोटोरेक’ उपयोगीं पडतें. तें फाइलींच्या नांवाकडे न पाहतां त्यांच्या आरंभींच्या खुणा शोधीत जातें. जेपेग प्रकारच्या प्रत्येक छायाचित्राच्या आरंभीं ठराविक बाइट असतात. पत्राचा मायना पाहून नवें पत्र सुरू झालें हें ओळखावें, तसें हें आहे. या रीतीनें छायाचित्रें मिळतात, पण त्यांचीं नांवें व कप्प्यांची मांडणी मिळत नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें हें नुकसान लहान नव्हे. ‘रुमाल अमुक, बंद अमुक’ हें नांव गेलें म्हणजे ४०,००० बंद दोरी तुटलेल्या पोथीसारखे एका ढिगांत पडतात.

तरीही क्रम लावण्याचे मार्ग आहेत. कॅमेरा प्रत्येक छायाचित्रांत तें कोणत्या दिवशीं व कोणत्या क्षणीं घेतलें याची नोंद करतो व ती फाइलीच्या पोटांतच असते. त्या क्रमानें लाविलें कीं एका बैठकींत घेतलेले बंद एकत्र येतात. पुढील क्रम पत्रांक, कागदाचा रंग, फाटलेल्या कडांचा आकार व हस्ताक्षर यांवरून ठरवावा. तें आपलें नित्याचेंच काम आहे. दप्तराचें छायाचित्रण करतांना प्रत्येक रुमालाच्या आरंभीं त्याच्या नांवाची चिठ्ठी ठेवून तिचेंही छायाचित्र घ्यावें. पुढें कधीं नांवें नष्ट झालीं, तर ही एक चिठ्ठी सबंध रुमाल ओळखवून देते.

७. लुप्त पाठ

वाचतां न आलेले कप्पे नकलेंत रिकामे राहतात. येथें एक धोका आहे. नकलेची डिस्क पूर्वीं वापरलेली असून पुसून घेतली नसेल, तर त्या जागीं तिचा जुनाच मजकूर राहतो व तो मुळांतील म्हणून मिरवितो. ग्रंथसंपादनांत ज्यास प्रक्षेप म्हणतात तोच हा होय. म्हणून नकलेची डिस्क आधीं संपूर्ण शून्यांनीं भरून घ्यावी.

डीडीरेस्क्यूमध्यें याहून चांगली एक सोय आहे. न वाचलेल्या प्रत्येक जागीं आपण ठरविलेली एखादी खूण त्याच्याकडून भरून घेतां येते. मग ती खूण कोणकोणत्या फाइलींत आढळते हें शोधलें कीं दूषित बंदांची यादी तयार होते. फाटलेल्या जागीं टिंबें देऊन ‘येथें कागद गेला आहे’ असें नमूद करण्याची जी शिस्त आपण पत्रें छापतांना पाळतों, तीच ही. त्रुटित फाइल पूर्ण म्हणून संग्रहांत जाऊं देणें हें मूळ हरविण्याइतकेंच वाईट, कारण पुढील अभ्यासक त्यावर विसंबतो.

एका कप्प्याच्या नाशाचा परिणाम छायाचित्राच्या जातीवर अवलंबून असतो. ५,००० बिंदू रुंदीच्या असंकुचित टिफ प्रकारच्या रंगीत छायाचित्रांत बिंदूंची एक आडवी रांग १५,००० बाइटांची होते; त्यांतील ४,०९६ बाइट गेले, तर रांगेचा एक-चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग जातो. मोडीचें एक अक्षर अशा कित्येक रांगांनीं बनलेलें असल्यानें वाचनास बाध येत नाहीं. संकुचित जेपेगमध्यें मात्र पुढचा भाग मागच्यावर अवलंबून असतो. त्यामुळें एका कप्प्याच्या नाशानें तेथून खालचें सारें चित्र सरकलेलें, रंग बिघडलेलें किंवा करडें निघूं शकतें. कोणत्याही प्रकारांत फाइलीचा आरंभच गेला, तर ती साध्या रीतीनें उघडत नाहीं. अस्सल छायाप्रति असंकुचित ठेवाव्या, त्याचें हें एक कारण आहे.

८. प्रयोगशाळेची सीमा

यंत्रभंग झालेली, पडलेली, भिजलेली किंवा भाजलेली डिस्क घरीं चालवूं नये. ती जाणत्या प्रयोगशाळेकडे द्यावी. भिजलेली डिस्क उष्णतेनें वाळवूं नये. देण्यापूर्वीं चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्या: तपासणीचें शुल्क किती, कांहीं न मिळाल्यास काय आकारतील, मूळ पेटी सर्व भागांसह परत देतील कीं नाहीं, आणि खाजगी कागदांची गुप्तता कशी राखतील. कोणत्या रुमालांची निकड अधिक आहे याची यादीही सोबत द्यावी.

प्रयोगशाळा काय करूं शकते, याचें प्रसिद्ध उदाहरण ‘कोलंबिया’ या अवकाशयानाचें आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजीं तें यान पृथ्वीकडे परततांना टेक्ससवर भंगलें व कल्पना चावला यांच्यासह सातही प्रवासी मरण पावले. त्यांतील एक डिस्क पुढें एका आटलेल्या तळ्याच्या पात्रांत सांपडली. बाहेरील भाग जळून आंत धूळ शिरली होती. पण तबकड्या वांकल्या नव्हत्या. क्रोल ऑनट्रॅक या संस्थेच्या तज्ज्ञानें तबकड्या धुवून दुसऱ्या यंत्रांत बसविल्या व सुमारें ९९ टक्के मजकूर काढला. त्यावरून झेनॉन वायूविषयींच्या प्रयोगाचा निष्कर्ष सन २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. जुन्या प्रणालीमुळें त्यावरील मजकूर विखुरलेला नव्हता, हेंही साह्यकारी ठरलें. त्याच अपघातांतून मिळालेल्या आणखी दोन डिस्कांवरून मात्र कांहीं हातीं आलें नाहीं. आकाशांतून पडलेली डिस्क वांचते आणि घरांतील मेजावर खरवडत राहिलेली डिस्क वांचत नाहीं, याचें कारण उघड आहे. पहिलीच्या तबकड्यांवरचा थर शाबूत होता. दुसरीचा तिच्या मालकानेंच पुनः पुन्हां चालवून घालविलेला असतो.

९. उपसंहार

वरील सर्व उपाय अखेरचे आहेत. पूर्वींच्या ग्रंथांचें रक्षण पेटीच्या मजबुतीनें झालें नाहीं, तें नकलांच्या संख्येनें झालें. राजवाड्यांनीं सन १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापून ठेविलीं, म्हणून त्यांतील पाठ मुळाच्या दैवावर अवलंबून राहिले नाहींत. आजच्या संग्राहकानेंही प्रत्येक छायाप्रतीच्या तीन प्रति ठेवाव्या. त्या दोन निराळ्या जातींच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं असावी. प्रत्येक फाइलीची ‘शा-२५६’ पद्धतीची ६४ अक्षरी अंकमुद्रा काढून ती यादी कागदावर छापून दप्तरांत ठेवावी. वर्षांतून एकदां मुद्रा पुन्हां काढून ताडून पाहिल्यास फाइलींत एका बाइटाचाही फरक पडला असला तरी तो उघडकीस येतो. बिघडलेल्या डिस्कवरून सोडविलेल्या फाइली निर्दोष आहेत कीं नाहींत, हेंही मग तर्कानें ठरवावें लागत नाहीं.

ज्यांच्या संग्रहांतील छायाप्रति आज एकाच डिस्कवर आहेत, त्यांनीं दुसरी प्रत करण्याचें काम मूळ कागदांच्या सूचीपूर्वीं हातीं घ्यावें. सूची उशिरानें झाली तरी चालते.